मुक्काम पोस्ट

लीड्समध्ये कालव्याकाठी आमचं ऑफिस, चौथा मजला.
खिडकीखाली एक नाव बांधलेली, वर्षानुवर्षं तिथेच.
पाटीवर माझ्या हुद्द्याला दोन ओळी लागतात;
आईला फोनवर मी एवढंच सांगते,
तुरुंगांच्या वह्या सांभाळते.

वह्या म्हणजे नऊ जुन्या यंत्रणा,
कोर्टाच्या, कोठड्यांच्या, प्रोबेशनच्या,
अबोला धरलेल्या जावांसारख्या.
त्यांना एका चुलीवर आणायचं माझ्याकडे आलं.
पहिलं वर्ष एका शब्दात गेलं : सुटका.
कोर्ट म्हणे, न्यायाधीश उठले की झाली.
तुरुंग म्हणे, फाटक उघडलं की.
प्रोबेशनची ग्वेनेथ म्हणे, तो मला भेटायला आला की.
मी तीन रकाने केले
आणि चहाला गेले.

मग जुन्या नोंदी उपसल्या.
एक जानेवारी एकोणीसशेला जन्मलेले
चारशे बारा कैदी निघाले,
जन्मतारीख कोणी विचारलीच नव्हती.
एक माणूस दोनदा वारलेला.
एका बाईचं आडनाव 'माहीतनाही', सलग,
आणि त्याच आडनावाचा तिचा मुलगा.

रकाना एक्केचाळीस : सुटकेनंतरचा पत्ता.
तिसरा हिस्सा कोरा.
वरच्यांना ते भोक तक्त्यात दिसलं.
मी नियम लिहिला, एकच ओळ :
कोरा ठेवल्यास पुढे जाता येणार नाही.
दीड महिन्यात अठ्ठ्याण्णव टक्के!
बैठकीत कोणीतरी बिस्किटं आणली. मी दोन खाल्ली.

गुरुवारी सव्वाचारला वेकफील्डहून फोन.
डेरिक ओल्ड्रॉइड, तीस वर्षं सुटकेच्या टेबलावर.
"तुमचं यंत्र अडून बसलंय, बाई.
माणूस पिशवी घेऊन समोर उभा आहे.
त्याला पत्ता नाही."
"इतर वेळी काय लिहिता?"
पलीकडे फक्त पिशवीचा चुरचुर आवाज.
"माझ्या आईचा. ती जाऊन नऊ वर्षं झाली.
सध्या तिच्याकडे त्रेसष्ट जण राहतात.
आज मला लिहवेना."

शाळेत पाकिटावर पत्ता लिहायला शिकले तेव्हा
आधी मु., मग पो., मग गावाचं नाव.
मुक्काम.
आज रात्री पाठ टेकायची जागा, एवढाच दावा.
आणि इथे मी माणसाला विचारत होते
कायमचं कुठे ते,
फाटकाच्या आतून,
हो म्हणेपर्यंत अडवून.

ती ओळ मी तिथल्या तिथे पुसली.
परवानगी सोमवारी मागितली.
"आता बघा," म्हटलं. डेरिक म्हणाला, "सरकलं."
मागे लोखंड वाजलं, कोणीतरी हसलं
किंवा खोकलं.

तक्ता एकसष्टवर आला. लाल झाला.
साहेबांनी विचारलं, काय बिघडलं?
म्हटलं, बिघडलेलं होतं, आता दिसतंय.
त्यांना ते आवडलं नाही.
खरं तर मलाही आवडलं नव्हतं.

रविवारी बसने त्या पत्त्यावर गेले.
हिरवं दार, खिडकीत टोमॅटोची रोपं.
पोटुशी मुलगी दारात आली, माझा गळ्यातला पट्टा बघून
न विचारताच आत वळली
आणि बुटांचा खोका घेऊन आली.
सगळी पाकिटं आमच्या खात्याची, न उघडलेली.
अमुक दिवशी हजर राहा. न राहिल्यास पुन्हा आत.
"मी परत पाठवायचे," ती म्हणाली,
"पण ती पुन्हा इथेच यायची."

खोका मांडीवर घेऊन परतीच्या बसला बसले.
त्रेसष्ट नावं.
पहिलंच पाकीट मार्चमधलं.
त्याची तारीख
मी दोनदा वाचली.