खाजणातला बांध

ऑगस्टची मोठी भरती ओसरली
की आम्ही लांब दांड्याचे विळे घेऊन
खाजणात उतरतो, खारं गवत कापायला.
ओहोळाच्या या काठाला प्लिमथची हद्द,
त्या काठाला बे वसाहतीची.
पंचांनी दोनदा येऊन खुंट ठोकले,
दोन्ही वेळा समुद्राने उपटून नेले.

त्या काठावर माझा भाऊ, इथिएल.
मी रातोरात होडीतून लायडनला पळाले
तेव्हा तो नऊ वर्षांचा होता.
आता त्याच्या दाढीत मीठ आहे.

"तू घर सोडलंस, डॅमरिस," तो तिकडून ओरडतो,
"मी सोडलं नाही. मी ते झाडायला निघालो."
"तीन हजार मैलांवरून?" मी म्हणते,
"दांडा बराच लांब दिसतो तुझ्या केरसुणीचा."
तो हसत नाही.
त्याच्या गावात हसण्याआधी पाळकाकडे बघतात.

परक्याने आम्हाला ओळखावं तरी कशावरून?
नाताळच्या दिवशी तोही कुंपण बांधतो, मीही लोकर पिंजते.
लग्न त्याचंही न्यायाधीशासमोर लागलं,
बोटात अंगठी माझ्याही नाही.
फरक एवढाच की त्याचा पाळक केंब्रिजचा,
वाळूचं घड्याळ दोनदा उलटवतो;
आमच्याकडे कित्येक वर्षं पाळकच नव्हता,
पिंपं बांधणारा रीडर उठायचा
आणि सुचेल तसं बोलायचा, हातावर डांबर.
आणि हा, की इंग्लंडच्या मंडळीला
तो अजून आजारी आई म्हणतो.
आम्ही काडीमोड घेतला.
आईशी काडीमोड, असं तो म्हणतो.

मग या उन्हाळ्यात खरंच आईचं पत्र आलं.
आईचं म्हणजे मावशीने लिहिलेलं, आई गेल्याचं.
घंटा वाजल्या. पांढऱ्या झग्यातल्या पाद्र्याने
पुस्तकातून प्रार्थना वाचली.
शेवटच्या रविवारपर्यंत ती कठड्याशी
गुडघे टेकून प्रभुभोजन घ्यायची,
उठताना दोघींचा आधार लागायचा.

आमचे वडील सांगतात, ती मंडळी खोटी,
ती भाकर खोटी.
मी मान डोलावते. तीस वर्षं डोलावतेय.
मग आईचे गुडघे कुणापुढे टेकले होते?
हे मी विचारलेलं नाही. रीडरलासुद्धा नाही.

इथिएलला बरं आहे, त्याला रडता येतं.
तो रडला नाही.

पत्रासोबत अंगठी होती. त्याच्याकडे आली,
कारण जहाज बोस्टनला लागतं.
"मी ठेवू शकत नाही," तो म्हणाला, "हे जुनं खूळ आहे."
"मग मी कशी ठेवू?"
त्याने गवताच्या पेंडीत गुंडाळून फेकली.
पेंडी माझ्या हातात आली,
अंगठी आली नाही.

ओहोळात कंबरभर चिखल.
तो तिकडून उतरला, मी इकडून,
आणि आम्ही खाली बसलो, म्हणजे गुडघ्यांवर,
दोघेही कोपरापर्यंत हात घालून
काळ्या मातीत चाचपत राहिलो.
पलीकडे इथलीच एक बाई
शिंपल्या खणत होती, पाठीला टोपली.
हे खाजण तिच्या माणसांचं;
खुंट ठोकताना तिला कुणी विचारलं नव्हतं.
तिने आमच्याकडे पाहिलं,
एकदा याच्याकडे, एकदा माझ्याकडे,
आणि पुन्हा खणायला लागली.

पाणी चढेपर्यंत आम्ही तिथेच होतो.
त्याचा हात चिखलाखाली एकदा माझ्या हाताला लागला.
दोघांनाही वाटलं, सापडली.

आज प्रभुवार. रीडर बोलतोय.
घागरा दोनदा धुतला, तरी पुढच्या बाजूला
दोन गोल डाग राहिलेच.
कुणी विचारलं तर सांगेन,
गवत कापत होते.