कंपनी

"कंपनी आली का?"
आतून विचारतात, तेव्हा मी आलेली असते
पावणेसातपासून, एरंडवण्याच्या बोळात,
स्कूटीवर पायापाशी अठरा किलोची पेटी,
दुसरी मागच्या सीटवर, दोरीने आवळलेली.
वॉचमन सांगतो, नातेवाईक पुढच्या दाराने,
कंपनी मागून.

माझं नाव शर्वाणी घुले. आयकार्डावर आहे.
पण आयकार्ड हिरव्या गाऊनखाली जातं,
त्यावर शिशाचा एप्रन, पुरुषांच्या मापाचा,
खांद्याला काचणारा.
मग डोळे तेवढे उरतात. कंपनीचे.

डॉक्टर न बघता हात पुढे करतात.
मी सिस्टरला म्हणते, चाळीस नको, बेचाळीस द्या.
मोठ्याने म्हटलं तर शिकवल्यासारखं होतं,
पुटपुटले तर चुकीचा स्क्रू जातो.
या दोहोंच्या मधला आवाज
कुठल्याच ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत.

आज टेबलावर सासवडचे एक सुतार.
कमरेखाली बधिर, वर टक्क जागे.
मांडीत दांडा ठोकला जातोय
आणि पडद्याआडून ते हातोडी ऐकतायत.
"हात जड आहे," म्हणाले. "लाकूड असतं तर चिरलं असतं."
भूलवाले हसले. डॉक्टर नाही हसले.
पुढचा ठोका हलका पडला,
किंवा मला तसं वाटलं.

"पोरी, तू कोण यांच्यातली?"
कंपनी, म्हटलं.
"ते झालं. नाव काय?"
सांगायला तोंड उघडलं तोवर
डॉक्टर म्हणाले, कंपनी, बेचाळीस.

केस संपली की मागच्या मोरीत
टूथब्रशने ट्रे घासायचा. मोजायचं.
एक स्क्रू कमी. लावला? पडला? बिलात चढला?
नसेल चढला तर पगारातून उतरेल.

टपरीवर गायधनी भेटतो, समोरच्या कंपनीचा.
कागदोपत्री वैरी.
माझ्या स्क्रूड्रायव्हरचं टोक झिजलं होतं एकदा,
पेशंट टेबलावर उघडा,
तेव्हा यानेच आपला धुऊन दिला, गपचूप.
त्याच महिन्यात वाकडचं हॉस्पिटल
मी त्याच्याकडून काढून घेतलं.
चहाचे पैसे तेव्हापासून मीच देते.
तो देऊ देतो.

एकतीस तारखेला बाणेरच्या ऑफिसात पडद्यावर तक्ता,
माझी ओळ लाल.
"तुमच्या भागात हाडं मोडत नाहीत का, मॅडम?"
सगळे हसतात. मीही.
खरं सांगू? परवा कात्रज बायपासला
डोळ्यांदेखत एक बाईक घसरली,
आई गं म्हणून मी गाडी थांबवली, धावले,
आणि धावता धावता मनात
मांडी की नडगी, मांडी की नडगी.
पोराला नुसतं खरचटलं होतं.
मला हायसं वाटलं. पूर्ण नाही.

सुतारांच्या फाइलमध्ये स्टिकर चिकटवते:
माप, धातू, लॉट नंबर.
बाहेर बाकावर त्यांची बायको, मांडीवर रिकामा डबा.
"गंजणार नाही ना ते लोखंड?"
नाही मावशी, टायटॅनियम आहे.
"मग महाग असेल. कितीला पडलं?"

किंमत मला तोंडपाठ आहे.
दोन्ही.
आम्ही देतो ती, आणि त्यांच्या बिलावर येते ती.

बिलिंगला विचारा, मावशी, म्हटलं,
पेटी उचलली,
आणि मागच्या दाराने निघाले.