अंगठ्या

रात्री दोनला तिचं रक्त माझ्याकडे आलं.
नळीवर चिठ्ठी : एशाता सोइलिही, वय एकोणपन्नास.
खाली डॉक्टरांचं घाईचं अक्षर —
फ्लू? तीन दिवस ताप. नुकतीच प्रवासाहून.
कुठून, ते लिहायचं राहिलेलं.

नमुना कमी पडला म्हणून मीच वर गेलो.
मार्सेयचा वारा खिडक्या हलवत होता,
आणि ती, तीन ब्लँकेटांखाली, खिडक्यांहून जास्त.
आधी हिव, मग ताप :
शब्दात आहेत त्याच क्रमानं.

कोमोरोसहून, म्हणाली, दात वाजत असताना.
भाचीचं लग्न. मोठं लग्न,
ज्याच्यासाठी आमची माणसं इथे
वीस-वीस वर्षं हॉटेलांच्या फरश्या पुसतात.
पोरांच्या गोळ्या घेतल्या होत्या, तिघांच्याही, मोजून.
स्वतःच्या पाकिटाची किंमत वाचली
आणि पाकीट परत सरकवलं.
तेवढ्यात एक कानातलं होत होतं.
औषधवालीला म्हणाली,
मला कशाला? मी तिथलीच.
ते डास ओळखतात मला.

ओळखत असतीलही.
लहानपणी ताप यायचा शेजारणीसारखा,
दार न वाजवता, आणि बसून उठून जायचा.
पण मध्ये बावीस हिवाळे गेले इथले.
रक्तानं कधी ओळख सोडली, तिला कळलं नाही;
पासपोर्ट बदलला त्या दिवशी
निदान सही तरी करावी लागली होती.

खाली येऊन काचपट्टी रंगवली,
तेलाचा थेंब टाकला, भिंग फिरवलं.
पेशीपेशीत अंगठी.
बारीक, जांभळट, वर एकच खडा.
कुठे एकीतच दोन-दोन,
लग्नघरात कुणी सढळ हातानं वाटल्यासारख्या.
शंभर पेशींत चार. पुन्हा मोजल्या. चारच.
इतक्या सुबक होत्या
की मोजताना लाज वाटली.

फोन केला. फ्लू नाही, म्हटलं. लगेच.
पुढचं सलाइन, धावपळ, ते माझं काम नव्हतं.

पाळी संपली तरी सकाळी डोकावलो.
ताप उतरला नव्हता, पण तिनं मोबाइल पुढे केला :
नवरी, कोपरापर्यंत सोनं,
शेजारी ही, हसताना डोळे मिटलेले,
दंड उघडे, मागे संध्याकाळ.

फोटोत डास कुठला दिसायला.
तरी मी दोन बोटांनी
तो फोटो मोठा करत राहिलो.