मापात पाप

पहिल्या दिवशी फीत सैल धरायची.
शेवटच्या दिवशी जराशी ओढून.
एवढंच. बाकी सगळं यंत्र करतं,
असं कालिनाबाईंनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं.
दुकान त्यांचं, यंत्र हप्त्यांवरचं,
आणि बुर्गासच्या किनाऱ्यावर जून यायला
नऊ आठवडे.

तेव्हा बायका येतात.
कोट खुंटीला, मग मोजे,
मग ते सगळं, ज्याच्या आत हिवाळाभर
मांड्या कुणी पाहिल्या नाहीत,
त्यांनी स्वतःसुद्धा.
"संत्र्याची साल," म्हणतात, आवाज खाली आणून,
जणू शेजारणीची बदनामी करतायत.
मला तर संत्रं कधी दिसलंच नाही.
सर येऊन गेल्यावरची वाळू दिसते,
थेंब गेलेले, खळगे राहिलेले.

मी रोलर लावते. तो कातडी चिमटीत धरून खेचतो.
मग मध: तळहात चिकटवायचा, उपटायचा,
चिकटवायचा, उपटायचा,
खोलीभर टाळ्यांचा आवाज
आणि कौतुक कुणाचंच नाही.
मग गरम दांडी, चाळीस अंशांची.
मग मिठागराचा काळा चिखल,
प्लास्टिकमध्ये गुंडाळून पंचवीस मिनिटं.
तेवढ्यात त्या बोलतात.
एकीचा नवरा रॉटरडॅमला ट्रक चालवतो, उन्हाळ्यात येणार आहे.
एकीचा येणार नाही, तरी ती येते.
एक देस्पिना, अठरा वर्षांची.
तिच्या मांडीवर मला काहीच सापडेना,
दिवा जवळ आणला, तर तिनेच चिमटा काढून दाखवलं,
"हे बघा ना, असं केलं की."
मी वहीत लिहिलं: चौपन्न.
होती बावन्न.

योर्दांका आली ती एका मंगळवारी.
एकसष्ट वर्षांची, ऑपेराच्या शिवणघरात तेहतीस वर्षं काढलेली,
पण हे मला मागाहून कळलं.
मी फीत धरली, हाताच्या सवयीने,
आणि पालथ्या झोपलेल्या त्या बाईने
वळूनही न बघता विचारलं,
"मध्ये बोट का घातलंस?"

माझी कानशिलं तापली.
ती उठून बसली, टॉवेल सावरला,
माझ्या हातातली फीत काढून घेतली, उजेडात धरली.
"ही तर वापरून वापरून ताणलीय.
तू खोटं बोलायच्या आधीच
अर्धा सेंटिमीटर खोटी आहे."
आणि हसायला लागली, मांड्यांसकट.

"अगं, मी काय वेगळं केलं?
आमची एक मोठी गायिका होती, दर मोसमाला रुंदावायची.
मी झगा उसवायची, तीन बोटं कापड सोडायची
आणि आत गळ्यापाशी
जुन्याच आकड्याची चिठ्ठी शिवायची.
बावीस वर्षं ती चव्वेचाळीस नंबरातच राहिली.
निवृत्तीच्या दिवशी मला मिठी मारून म्हणाली,
बघ, मी जशीच्या तशी."

पैसे तिने परत मागितले नाहीत.
दहाच्या दहा वेळा आली.
रोलर नको म्हणायची, चिखल नको, फक्त मध.
"त्या टाळ्या," म्हणायची,
"आजवर पडद्यामागूनच ऐकल्या."

शेवटच्या दिवशी स्वतःची फीत घेऊन आली,
पिवळी, टोकांना पितळ,
आणि मला म्हणाली, उभी राहा.
मी आधी भांडी घासायचं निमित्त काढलं, मग फोनचं.
सहा वर्षं झाली, यंत्र मला फुकट आहे,
तरी माझ्या पाठीमागे काय चाललंय
ते मी आरशाला विचारलेलं नाही.
पितळ गार लागलं.
फीत सैल नव्हती, ओढलेली नव्हती,
नुसती टेकली होती, बोट न घालता.

"सांगू?"

बाहेर कालिनाबाई फोनवर कुणाला तरी
दहावर एक मोफत देत होत्या.
मी मान आडवी हलवली.
आमच्याकडे त्याचा अर्थ हो असा होतो.