शून्य दोन घरं उजवीकडे

मोटार जूनच्या गारठ्यात बाहेर उभी.
गॅरेजात विद्यापीठाची मोडीत निघालेली प्रयोगशाळा,
किलोच्या भावाने घेतलेली.
मोर्व्हेन टलक, डनीडन.
अठ्ठावीस वर्षं हीच उपकरणं पुसली,
पोरांच्या हातून वाचवली.
आता खोकी भरते.

नळी काळ्या मोज्यात, मोजा पुठ्ठ्यात:
उजेड मोजणारीलाच उजेड बाधतो.
वर्णपटदर्शक ट्रॉम्सोजवळच्या बेटावर,
तिथली सोळा वर्षांची मुलगी विचारते,
हप्त्याने चालेल का?
ग्रात्सच्या निवृत्त ट्रामचालकाला मायक्रोमीटर.
कशाला, तर काही नाही,
हवाय.
टपाल यंत्राहून महाग.
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला,
तरी कुणी घासाघीस करत नाही.

चौदा नंबरचा गॅल्व्हानोमीटर चालला वाल्दिव्हियाला.
एलादियो, बेकरीवाला, भूकंपमापक बांधतोय:
पहाटे तीनला पीठ मळताना फळी थरथरते
ती माझ्यामुळे की जमिनीमुळे,
एवढंच कळायला हवं.

गॅल्व्हानोमीटर पाठवायचा तर आधी
त्याच्या दोन टोकांत तांब्याची तार आडवी जोडायची.
मग काटा समुद्रभर हेलकावत नाही;
हलू लागला की
त्या हलण्यातूनच त्याला लगाम बसतो.
हे तिला कुणी शिकवलं आठवत नाही.
बोटांना येतं.

सहा आठवड्यांनी निरोप:
तार काढली. काहीच जोडलेलं नाही,
तरी काटा दोन घरं उजवीकडे.
बिघडलाय?

रात्रभर उत्तर नाही.
सकाळी, चहा निवल्यावर, तिने लिहिलं:
चौऱ्याण्णवच्या हिवाळ्यात माझ्या हातून पडला.
शून्याचा स्क्रू तेव्हाच गेला.
कुणाला बोलले नाही.
दर वर्षी नव्या मुलांना सांगायचे,
चौदा नंबरातून दोन वजा करा.
का, ते एकानेही विचारलं नाही.
तुम्ही पहिले.

एलादियोचं उत्तर दोन ओळींचं:
आमचा वजनकाटाही आजोबांपासून
तीस ग्रॅम खोटं बोलतो. करतो वजा.

तेव्हापासून प्रत्येक खोक्यात, भुशाच्या वर,
पेन्सिलीने लिहिलेली एक चिठ्ठी असते.
हा थंडीत उशिरा जागा होतो.
हिचा तिसरा स्क्रू मूळचा नाही.
भिंगाच्या डाव्या कडेला अंगठा आहे,
पुसून जात नाही,
माझाच.