सुनावणी, सडबरी

हॉटेलच्या तळमजल्यावर, जिथे शनिवारी लग्नं लागतात,
तिथे मंगळवारी एका नोकरीचं काय ते ठरायचं होतं.
छताला एक गुलाबी फुगा अजून चिकटून होता.

आयला कोस्केला, निकेलच्या भट्टीवर एकोणीस वर्षं.
पाळी संपण्याआधी जागा सोडली, हा आरोप.
ती बोलता बोलता थांबायची, शब्द शोधायला.
लवाद तेवढ्यात घड्याळ बघायचे.
कंपनीचा वकील अडला, तेव्हा मात्र
पेन खाली ठेवून वाट पाहिली.
मी मोजत होतो. युनियनचा माणूस, दुसरं काय करणार?
तिचं बोलणं चार वेळा तोडलं, त्याचं एकदाही नाही.

कॉफीच्या सुट्टीत ते दोघं खिडकीपाशी
गोठलेल्या तळ्यातल्या माशांबद्दल बोलत होते.
फक्त माशांबद्दल. मी ऐकलं, शपथेवर सांगतो.
आयला म्हणाली, "झालं, लागला माझा निकाल गळाला."

एप्रिलमध्ये सव्वीस पानं आली.
अकराव्या पानावर तिचं ते थांबणं होतं:
साक्षीदार आठवून, तोलून बोलत होती.
नोकरी परत, बुडालेल्या पगारासकट.

फोनवर ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, "मिळालं रे सगळं.
पण रेजां, हरले असते ना,
तर ते मासे जन्मभर विसरले नसते."

तेव्हा मला आठवलं,
त्या संध्याकाळी माझी गाडी बर्फात रुतली
आणि धक्का द्यायला लवादच आले,
हातमोजेही न घालता.
समोरच्या गाडीत, काच वर करून,
कंपनीचा वकील बघत बसला होता.

मोजत असेल तोही.