कार्ड क्रमांक ४१२

रोमानियातलं याश, पंच्याऐंशीचा हिवाळा.
शब्दकोशाच्या खोलीत हातमोजे घालून
स्मारांदा टाइप करते: देस्पोटिक.
विशेषण. अर्थ: करडा, एकहाती, ब्र काढू न देणारा.
(या यंत्राच्या अक्षरांचा नमुना ठाण्यात जमा आहे,
वाकडा ‘प’ तिथे सगळ्यांच्या ओळखीचा.)

अर्थाला हरकत नाही.
उदाहरणाला आहे.

‘आमच्या जिन्यातला दिवा नऊला विझवतात’
ही ओळ ओनोरियु साहेबांनी खोडली,
मग खोडलेल्यावरही आणखी एकदा.
‘लांबचं द्या. जुनं द्या.
नाहीतर क्षुल्लक.’

तिनं क्षुल्लक दिलं:
‘बालवाडीतल्या स्वयंपाकिणीचा कारभार देस्पोटिक होता;
सूप एकच डाव, दुसऱ्यांदा मागायचं नाही.’
साहेब हसले. शिक्का बसला.

कोश आला दोन वर्षांनी, जाड, राखी पुठ्ठ्याचा.
पावाच्या रांगेत, कुपन चाचपत,
तिच्यामागचा म्हातारा पुटपुटला,
कुणालाच उद्देशून नाही:
‘दुसऱ्यांदा मागायचं नाही.’

रांगेत कुणीतरी नाक ओढलं.
हसू होतं की सर्दी,
स्मारांदानं वळून पाहिलं नाही.